सोड्याचं पाणी

प्रिय ठोंब्या,

नऊ वर्षांनी पत्र लिहिते आहे आणि सुरुवातच चिडवण्याने केली, रागावू नकोस. दुसरं कुठलं नाव लिहायला हात धजेना. पत्ता आत्याकडून मिळाला. तू तिला दरवर्षी दोन ओळी पाठवतोस, हे तिने आजवर लपवलं. जिच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्या आपल्या आत्याने एवढी एक गोष्ट राखली.

मी दोन महिने बाबांकडेच आहे. चामडी पट्ट्यांचा कारखाना तसाच आहे. पुढे दोन खोल्या, मागे मोरी, खिडकीखाली व्हिनेगरची बरणी आणि तिच्यात गंजके खिळे. गेल्या आठवड्यात बऱ्याच वर्षांनी मी एक पट्टा काळा केला. आधी कडक कोऱ्या चहात भिजवला. तोच चहा, जो आत्याने एकदा गाळून पाहुण्यांना दिला होता! मग खिळ्यांचं पाणी. दिसायला गढूळ, याने काय होणार असं वाटावं. पण फडकं फिरवलं की चामडं डोळ्यांदेखत राखाडी, मग निळसर, मग काळंभोर होतं. लहानपणी आपण ते बघत बसायचो आणि तू दरवेळी टाळ्या वाजवायचास. एकाच जागी जास्त ओतलं की डाग पडतात, म्हणून लांब हात, आधी आडवा, मग उभा. हे बाबांनी तुझा हात धरून शिकवलं. माझा हात त्यांनी कधी धरला नाही, मी बघून शिकले.

शेवटी सोड्याचं पाणी, ते काम तुझं. सोड्याने धुतलं नाही तर आंबटपणा आत राहतो. वरून काही दिसत नाही, रंगही छान बसतो, पण वर्षा-दोन वर्षांत चामडं आतून ठिसूळ होतं. म्हणून बाबा प्रत्येक पट्ट्याला जीभ लावून बघायचे. आंबट लागला की परत मोरीत.

त्या दिवशी तुझी परीक्षा होती. जाताना तू म्हणालास, ताई, तेवढा सोडा तू बघ. मी हो म्हटलं, आणि मैत्रिणीकडे गप्पा मारत बसले. आल्यावर घाईघाईने पट्ट्यांना तेल लावलं, तेव्हा आठवलं. तेवढ्यात बाबा चामडं घेऊन आले, थकलेले. सोडा झाला ना, त्यांनी विचारलं. मी झाला म्हणाले. तेल लागलेलं होतं, म्हणून त्या एका दिवशी त्यांनी जीभ लावली नाही.

दोन वर्षांनी आपल्या गल्लीतले वायरमनकाका विजेच्या खांबावरून पडले. खांबाला बांधून घ्यायचा त्यांच्या कमरेचा पट्टा आपला होता, त्या दिवशीच्याच पट्ट्यांतला. शिवण शाबूत, चामडंच मधोमध तुटलेलं. बाबांनी तुटकं टोक जिभेला लावलं आणि तुझ्याकडे बघितलं. तू माझ्याकडे बघितलंस. माझं लग्न महिन्यावर आलं होतं. तू मान खाली घातलीस आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिले. पुन्हा माझ्या चामड्याला हात लावायचा नाही, असं बाबा तुला म्हणाले. दुसऱ्या दिवशी तू गेलास. काका अजून काठी टेकत चालतात. रस्त्यात भेटले की तुझी चौकशी करतात, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

गेल्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, आता यांना घरीच ठेवा. त्या दुपारी मी बाबांना सगळं सांगितलं. वाटलं, ओरडतील. ते भिंतीकडे वळले आणि म्हणाले, आता कुठल्या तोंडाने बोलावू मी त्याला? संध्याकाळी त्यांनी मला पट्टा करायला बसवलं. मी तो तीनदा सोड्यातून काढला. त्यांनी जीभ लावली आणि ते रडले रे. औषधांनी तोंडाची चव गेली आहे, त्यांना काहीच कळेना. म्हणाले, त्याला एक तुकडा पाठव, तो सांगेल. सोबत तुकडा ठेवला आहे, जिभेला लावून बघ. चांगला झाला असेल तर येऊन त्यांना तसं सांग. आंबट लागला तर मला हव्या तेवढ्या शिव्या दे, पण तरी ये. दिवस फार नाहीत.

तुझीच अपराधी,
ताई