तीन मिनिटांचा व्हिडिओ

३ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. यांचा खोकला हटत नाही आणि हे औषधाचं नाव काढू देत नाहीत. तुझे गुडघे कसे आहेत?

आमच्या बाळांच्या दवाखान्यात एक नवी सोय आलीय, म्हणून लिहायला बसले. तीन महिन्यांच्या बाळाला उताणं निजवायचं आणि मोबाईलवर तीन मिनिटं व्हिडिओ घ्यायचा. खुळखुळा नाही, लाडीगोडी नाही. मग कॉम्प्युटर बाळाच्या मनगटांवर, घोट्यांवर ठिपके ठेवून हालचाल टिपतो. या वयाच्या बाळाचं अंग जागेपणी सतत बारीक बारीक वळवळतं. ती वळवळ दिसली नाही, तर पुढे बसण्या-चालण्यात अडचण येण्याचा धोका असतो, म्हणून तो डॉक्टरांना सावध करतो. हजारो बाळं बघून शिकलाय म्हणे. मी सव्वीस वर्षं नर्सचं काम करतेय. मनात म्हटलं, हा मला काय शिकवणार?

मागच्या मंगळवारी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंची मुलगी आली. गुटगुटीत, रडणं नाही. 'किती गुणी' असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, तेवढ्यात कॉम्प्युटरने इशारा दिला. मोठ्या डॉक्टरांनी नीट तपासलं आणि त्याच आठवड्यात व्यायाम सुरू केले. बाई रडल्या, मग म्हणाल्या, "बरं झालं, वेळेत कळलं."

तेव्हापासून मला चैन नाही.

ताई, तुझ्या लेकाचा त्या वयातला व्हिडिओ माझ्याकडे होता. तुला न विचारता मी तो कॉम्प्युटरला दाखवला. त्याने याही वेळी लगेच इशारा दिला. व्हिडिओत तुझा आवाज आहे, "अगं, याचे हातपाय इतरांसारखे खेळत नाहीत." आणि माझा, हसत, "शांत पोर मिळालंय, नशीब समज."

नर्स म्हणून तू माझ्यावर विसंबलीस, आणि निदान होईपर्यंत दीड वर्ष हातचं गेलं. तेव्हाच व्यायाम मिळाले असते तर आज अकराव्या वर्षी त्याच्या चालायच्या काठ्या सुटल्या असत्या का, हे मी डॉक्टरांना विचारलं. सांगता येत नाही म्हणाले. तू मला कधी एका शब्दाने बोलली नाहीस. फक्त त्याच्याबद्दल सांगणं बंद केलंस.

हे यंत्र बनवणारी पोरगी फार हुशार आहे, आणि ऐकून घेणारी. अजून काय हवं, असं तिने विचारलं. मी म्हटलं, व्हिडिओच्या आधी फॉर्मवर एक ओळ ठेव : आईला काय वाटतं? काल ती ओळ छापून आली. कॉम्प्युटरला हजारो बाळं बघावी लागली. तुला एकच पुरलं होतं.

तुझ्या लेकाला माझं हे पत्र वाचून दाखव. सगळं.

तेव्हा तुझं न ऐकलेली,
तुझी धाकटी