गेलाय, अजून आला नाही

प्रिय चिमणे,

तुझ्याकडे कायमचं राहायला यायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागेल म्हणालीस, म्हणून शिकवणीला जातोय. गावच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला गुरुजी आम्हाला झाडांना पाणी घालायला पाठवायचे. झाडं वाढली असतील, आमचं इंग्रजी तेवढंच राहिलं. इथल्या बाई तुझ्याच वयाच्या. माझ्या शेजारी एक न्हावी बसतो. माझ्याहून कच्चा, पण बेधडक.

परवा बाईंनी 'हॅव' आणि 'हॅज' लावून बोलायला शिकवलं. होऊन गेलेल्या गोष्टीचा धागा आजपर्यंत पोचत असेल, तर असं बोलायचं. काल, गेल्या वर्षी, अशी वेळ सांगितली की मात्र साधा भूतकाळ. मग घरच्यांबद्दल एकेक वाक्य विचारलं. मी उठून म्हणालो, 'माय सन हॅज गॉन टू द रिव्हर.' बाई खूश. म्हणजे गेलाय, अजून परतला नाही, अगदी बरोबर. न्हावी म्हणाला, काका, हाक मारा की पोराला, जेवण गार होईल. सगळे हसले, मीही हसलो. मग बाईंनी विचारलं, कधी गेला? मी खाली बसलो.

तुझ्या दादाचे कपडे काठावर सापडले, तो सापडला नाही. तेव्हापासून दुकानात कुणाची शिलाई मशीन दुरुस्तीला उघडून बसलो, की मागे पावलं वाजतात. देवापुढे हात जोडले तरी कान मागेच. तुझी आईसुद्धा दाराकडे बघतच गेली. तू फोनवर विचारतेस, कधी येताय, आणि मी म्हणतो, हातातली कामं उरकू दे. कामं केव्हाच उरकलीत, बाळा. मी निघालो आणि मागून तो आला तर, एवढीच भीती होती.

काल संध्याकाळी मशीनला तेल घालताना पुन्हा पावलं वाजली. मी न वळताच म्हणालो, चिमणे, आलीस का? मागे कुणी नव्हतं. पण तोंडून तुझं नाव आलं होतं. इतकी वर्षं मी एकाचीच वाट पाहत बसलो, हे तेव्हा कळलं.

आज परीक्षेची तारीख घेतली. पास होईन न होईन, पण मला यायचंय. त्याआधी एक मागणं आहे, तेवढ्यासाठीच हे पत्र. तुझ्या घरी कधी मी मागे वळून त्याच्याशी बोलू लागलो, तर घाबरू नकोस, समजूतही घालू नकोस. हाताला धरून मला तुझ्याकडे वळव.

तुझ्याकडे यायला निघालेला, तुझाच
बाबा