राख नावाचं फोल्डर

३ जून
नोकरीचा पहिला दिवस, आणि तोही ताईच्या ऑफिसात! माझी थोरली बहीण इथे हिशेब बघते. तिनेच माझ्यासाठी शब्द टाकला. काम सोपं आहे. कॉम्प्युटरवरचे जुने बॅकअप चाळायचे, लागतील ते ठेवायचे, बाकीचे पुसायचे. प्रत्येक माणसाचं एक फोल्डर. ऑफिस मात्र भलतंच खडूस. साहेबांनी माझ्या नमस्काराला मानसुद्धा हलवली नाही आणि कॅशियरबाईंनी आपली पाण्याची बाटली माझ्यापासून लांब सरकवली. ताई म्हणाली, मनावर घेऊ नकोस, इथे सगळेच चावतात.

४ जून
आधीच्या माणसाने दोन फोल्डरं करून ठेवलीयत, 'कचरा' आणि 'राख'. साहेबांना विचारायला गेलो तर म्हणाले, मराठी येत नाही का? येतं की! राख, म्हणजे सांभाळून ठेव. कामावर असलेल्यांचं सगळं त्यात टाकायला सुरुवात केली. आधी कॅशियरबाई, मग टायपिस्ट, मग ताई. तेवढ्यात संध्याकाळ झाली.

५ जून
कॅशियरबाईंच्या जागी कपाट आहे. त्या कुठे गेल्या विचारलं तर सगळे हसले. इथे कॅशियर कधी नव्हतीच म्हणे. नवीन माणसाची टर उडवतायत, ताईसुद्धा त्यांना सामील. घरी तिच्याशी भांडलो, तर ती शपथ घ्यायला तयार.

६ जून
टायपिस्ट नाही. त्याचं टेबलही नाही. 'राख' उघडलं. आत फक्त ताई. बाहेर काढायला गेलो, निघेना. ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळणारे काका मागे येऊन उभे होते.
"राख म्हणजे सांभाळ नव्हे," ते म्हणाले. "जळल्यावर उरते ती राख."
धावत जाऊन ताईचा हात धरला. घट्ट धरला होता. मग मूठ रिकामी—

घरी आई विचारते, कोण ताई? भिंतीवरच्या फोटोत मी एकटा, कडेला सरकून उभा. मला फार भीती वाटतेय.

७ जून
काकांचे पाय धरले. ते म्हणाले, एक परत हवं तर एक टाक, जागा तेवढीच आहे. दुसऱ्या कोणाचं टाकायला हात धजेना. माझं टाकलं.

दुपारी
ताई आली! आपल्या खुर्चीवर— धावलो. ती मागे सरकली.
"आपण कोण? आत कोणी सोडलं तुम्हाला?"
जन्मात कधी मला 'आपण' म्हणाली नाही—
साहेब तिला विचारतायत, कोणाशी बोल—