आत्याच्या नावाची उंदरीण

ती. आत्या,

शिरसाष्टांग नमस्कार. (वाकले की कंबर धरते, म्हणून तूर्त कागदावरच.) तुझे गुडघे काय म्हणतात? काही म्हणत असले तरी तू ऐकत नसशीलच. मी ठीक आहे, वेळेवर जेवते. एवढं वाक्य आईला मोठ्याने वाचून दाखव.

मागे तू विचारलं होतंस, की इतकं शिकून मी दिवसभर करते तरी काय. तर मी उंदरांना देवी आणते. (हसू नकोस.) तुझ्या दंडावर ज्या रोगाच्या लशीचा व्रण आहे, त्याचीच ही उंदरांतली चुलत बहीण, माणसाला तिची बाधा नाही. तळपायात विषाणू टोचायचा आणि रोज वजन करत बसायचं. काळे उंदीर बहुधा तगतात, कारण त्यांच्या शरीरातल्या मारेकरी पेशी (विषाणू शिरलेल्या पेशींना मारणाऱ्या) वेळेवर धावून जातात. पांढऱ्यांचं आपल्या भाऊबंदांसारखं: जमतात सगळे, पण घर जळून गेल्यावर.

आता कबुली. उंदरांना नावं ठेवायची नाहीत (दोन्ही अर्थांनी) हा आमच्याकडचा नियम; नाव दिलं की हात अडतो. पण एक पांढरी उंदरीण आधी चावायची, मग हुंगायची, आणि शेजारणीचा दाणा ओढून घेऊन वर आपणच रुसून कोपऱ्यात बसायची. माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "अगं आत्या, जरा धीर धर!" नाव चिकटलं ते चिकटलंच. रागावू नकोस, प्रेमानेच चिकटलं.

मग तिचा पाय सुजला, अंगावर पुटकुळ्या उठल्या, वजन उतरलं. बाकीच्या पांढऱ्या एकेक करून गेल्या. (फार हाल दिसले की आम्हीच त्यांना सोडवतो.) ही मात्र एका सकाळी आरामात दाणे कुरतडत बसलेली! "आत्या वाचली!" मी ओरडले. आमच्या बाई, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, धावत आल्या. त्यांना वाटलं तूच. "अगं, मग रजा घे, भेटून ये," असं म्हणत त्यांनी माझा हातसुद्धा धरला. मी पिंजऱ्याकडे बोट दाखवलं.

बाईंनी वाकून तिला नीट पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "ही वाचली कशी, ते हिची प्लीहा काढून पाहिल्यावरच कळेल. तुला जमणार नसेल तर मी करते."

आत्या, मेल्या त्यांना कुणी काही विचारलं नाही गं. जगली तिलाच जाब द्यावा लागला. मीच केलं. परक्या हाताला ती चावली असती. औषधाने डोळे मिटेपर्यंत तिला तळहातावर धरून होते.

प्लीहा (म्हणजे पोटातली पाणथरी) मारेकरी पेशींनी गच्च भरलेली निघाली. बाई हरखल्या, पेशी मोजायच्या यंत्राभोवती गर्दी जमली. मीही पाहिलं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही आनंद झाला. त्यातून उद्या एखादी चांगली लस निघेल, कदाचित. निघो. त्या दिवशी मी डबा मात्र तसाच परत नेला.

तुझी,
भाची

ता. क. पुढच्या आठवड्यात चार दिवस तुझ्याकडे राहायला येऊ का? काम कसं चाललंय ते विचारू नकोस. तू बोलत राहा, मी नुसती ऐकेन.

आणखी एक ता. क. विचारायची पद्धत असते म्हणून विचारलं. तिकीट कालच काढलंय.