दादांच्या धारेचा आलेख

प्रिय भावोजी,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. तुमची पाठ कशी आहे? जाऊबाईंचा गुडघा? (त्यांना म्हणावं, डॉक्टर नवऱ्याच्या भरवशावर राहू नका, दुसरा डॉक्टर गाठा.) आम्ही इकडे मजेत आहोत, म्हणजे मी आहे. तुमचे दादा सारखे बाथरूमच्या आत-बाहेर करत असतात.

तुम्ही मूत्ररोगांचे एवढे तज्ज्ञ, पण धाकट्या भावापुढे पायजम्याची नाडी सोडली तर घराण्याची अब्रू जाते, असं यांचं मत. (तान्हेपणी तुमची दुपटी यांनीच बदलली, तेव्हा कुठे होती ही अब्रू कोण जाणे!) म्हणून आम्ही इथल्याच डॉक्टरांकडे गेलो. प्रोस्टेटची गाठ चांगलीच वाढलीय, ऑपरेशन करू, म्हणाले. पण आधी ते धारेचं मशीन. तुम्हाला काय सांगायचं, नरसाळ्यात लघवी करायची की कागदावर तिचा वेग उमटतो. यांना पाणी पाजपाजून आत धाडलं. दाराबाहेर नर्स सारखी विचारतेय, "झालं का आजोबा?" आजोबा म्हटल्यावर तर होतं नव्हतं तेही आटलं. शेवटी या पठ्ठ्याने काय करावं? हातातली पाण्याची बाटली नरसाळ्यात उपडी केली!

झालं. आलेख बघून डॉक्टर खुर्चीतून उठलेच. गाठ एवढी मोठी आणि धार अशी की आग विझवायला बोलवावं! ऑपरेशन रद्द. हे छाती काढून घरी आले, मला सगळं सांगितलं आणि वर दम भरला, बाटलीचा 'ब' काढशील तर खबरदार. डॉक्टर बिचारे भाबडे. त्यांनी तो आलेख, नाव न छापता, तुमच्या त्या तज्ज्ञांच्या मासिकात दिला आणि पुढच्या अंकात वाचकांच्या पत्रांचा ढीग. एकाने लिहिलं, रुग्ण पोहणारा असणार. (यांना भरल्या बादलीचीही भीती.) एकाने म्हटलं, मशीन दुरुस्त करून घ्या, तेवढाच काय तो शहाणा. आणि सगळ्यांत लांबलचक पत्र कोणाचं? तर तुमचं! डॉक्टरांनी मला कौतुकाने वाचून दाखवलं. ही स्नायूंची उपजत ताकद आहे, या रुग्णाच्या घराण्याचाच अभ्यास व्हायला हवा, म्हणे. करा भावोजी, करा अभ्यास! घराणं तुमचंच आहे.

पण आता हसू येत नाही हो. थेंबाथेंबाची मारामार आहे. भीतीने पाणी पिणंच सोडलंय, पायांवर सूज आलीय, ओटीपोट फुगून घट्ट झालंय. डॉक्टरांना खरं सांगू म्हटलं, तर म्हणतात, त्या भल्या माणसाची चारचौघांत फजिती करू? (फजिती कोणाची, ते मला ठाऊक आहे.) मी भांडले, रडले, अबोला धरला. पालथ्या घड्यावर पाणी.

घरात सगळ्यांना आशीर्वाद.

तुमची
वहिनी

ता. क. ऑपरेशन तुमच्याच हातून व्हावं, एवढंच मागणं. तुमच्या त्या पत्राबद्दल मी जाऊबाईंना काही सांगणार नाही. (नाही म्हणालात तर मात्र सांगेन.)

आणखी एक. घराच्या कागदांवर तुमची सही हवीय असं सांगून हे पाकीट मी यांच्याच हाती दिलंय. समोर बसलेत ना? आधी दाराला कडी घाला, मग नळी घाला. ओरडतील, शिव्या देतील, देऊ देत. भावोजी, मला या माणसाशी अजून पुष्कळ भांडायचंय.