टोचलं की ‘हो’

नागपूर, ता. ८ जानेवारी १९५६

तीर्थरूप बाबा अन् माय, कुंताचं डोकं तुमच्या पायावर.

आमची फिकीर करू नका. यांले दवाखान्यात खाट मिळाली, सकाळी दूधही मिळते.

पण तुमच्या जवायाचा मले लय राग येऊन राह्यला. पहिले आठ दिवस डॉक्टर यांच्या लुळ्या पायाले टाचणी टोचून विचारत, "लागते का?" हे टाचणीकडे पाहून दरवेळी "हो" म्हणत. मग डॉक्टरले वाटलं, वात असेल. मंगळवारी पायावर गरम चहा सांडून फोड आला, तरी यांले पत्ता नाई! मी म्हटलं, "खोटं काऊन सांगता?" तर म्हणतेत, "नाई म्हटलं तर पाय कापतील."

मीच डॉक्टरले सांगितलं. त्याईनं यांचे डोळे माझ्या पदरानं बांधून टोचलं. बेंबीच्या खाली काहीच कळत नाई. गेल्या साली यांच्या पाठीतला नारूचा दोऱ्यावानी किडा ओढताना तुटला होता ना, तो आतच सडला. त्याचा पू मणक्यातल्या नसेले दाबून राह्यला होता. असं लाखात एखाद्याले होते म्हणे.

परवा पाठ चिरून पू काढला. "आठ दिवस आधी कळतं तर," एवढं बोलून डॉक्टर दुसऱ्या खाटेकडे गेले.

मायचा खोकला कसा आहे? यांचं मासोळीचं जाळं कोणाले देऊ नका.

अजूनही रोज डोळे बांधून टोचतेत. आता हे खरं सांगतेत. "नाई. नाई. नाई." बाबा, मले ते खोटं "हो" पुन्हा ऐकावंसं वाटते.

तुमची लेक,
कुंता