थोरल्या जाऊबाईंची पहिली चौकट

मी, खाली डाव्या हाताचा अंगठा उठवणारी, धंदा शिवणकाम, असे नमूद करून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. ठिकाणावर नाही तो फक्त उजवा हात. मला कोणी धाक दाखवलेला नाही, की गोड बोलून गळ घातलेली नाही. मी सांगते आहे आणि वकिलीणबाई लिहीत आहेत.

कलम १. घराचा माझ्या वाट्याचा मागचा भाग माझ्या मुलीला मिळावा. मात्र थोरल्या जाऊबाई हयात आहेत तोवर तिने तो विकू नये, आणि मधल्या भिंतीत पाडलेले दार बुजवू नये.

या दाराची हकीकत सांगणे भाग आहे. सासरे गेल्यावर दोघा भावांनी घर वाटून घेतले. एकुलती मोठी खिडकी थोरल्यांकडे गेली. जाऊबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "शिवणाऱ्या बाईला काय, दिव्यावरही चालतं." त्या दिवसापासून आमचा अबोला. दोघींचे नवरे गेले, तरी आम्ही हूं की चूं केले नाही.

मग मला अर्धांगाचा झटका आला. हात लुळा पडला, मशीन बंद. एका सकाळी जाऊबाई दारात उभ्या. "काय गं, तुझी खडखड का थांबली? तिच्यावाचून मला करमत नाही."

मला रडू फुटले. मुलीचे दिवस भरत आले होते आणि बाळाची गोधडी नुसती चिंध्यांत पडून होती.

"मला शिकव," जाऊबाई म्हणाल्या.

त्यांचा जन्म पावाच्या भट्टीवर गेलेला. बोटे इतकी पोळलेली, की सुई टोचलेली त्यांना कापडावर रक्त दिसल्यावरच कळे. तरी त्यांनी आधी गवंडी बोलावून भिंतीत दार पाडून घेतले आणि माझी खुर्ची खिडकीपाशी नेली. पुठ्ठ्याचा चौकोन ठेवून नऊ तुकडे आखायला मी सांगितले.

"शिवणीबाहेर माया किती सोडू?"

"अर्ध्या बोटाइतकी."

"कमी सोडली तर?"

"पहिल्याच धुण्यात उसवतं."

त्यांनी आखलेली रेघ पुसली. "मग जरा जास्तच सोडते," म्हणाल्या.

मी डाव्या हाताने कापड ताणून धरायची, त्या धावदोरा घालायच्या. तीन-तीन तुकड्यांच्या ओळी झाल्या. एका ओळीची माया डावीकडे दाबायची, दुसरीची उजवीकडे, म्हणजे जोड एकमेकांत बसतात. हे त्यांना पटेना. "तुझं आपलं काहीतरीच!" पण केले तसेच. मग तिन्ही ओळी जोडून झालेली चौकट उलटून त्यांनी उजेडात धरली.

कोपऱ्याला कोपरा मिळाला होता. माझ्या नवऱ्याचा शर्ट, त्यांचा जुना परकर, मुलीचा शाळेचा फ्रॉक. कुठले कुठले कोपरे टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत येऊन भेटले होते. मी उभा जन्म शिवले, पण असे काही आपल्या हातून घडते, हे मी कधी पाहिलेच नव्हते.

"हे मी केलं?" जाऊबाईंनी हळूच विचारले.

माझ्या अंगावर काटा आला, त्या लुळ्या हातावरसुद्धा. डॉक्टर म्हणाले, असे होऊ शकते, त्याला कारण आहे. मी ते विचारले नाही.

गोधडी बाळाच्या आधी तयार झाली.

कलम २. मशीन जाऊबाईंना. तेल त्यांनी घालावे, इतरांनी सल्ले घालू नयेत.

कलम ३. मोठी कात्री मुलीला. तिने कागद कापलेला मला वरूनही दिसेल.

कलम ४. कोपऱ्यावरच्या कापडवाल्याला माझी मोजपट्टी द्यावी. त्याची बोटभर आखूड आहे, हे त्याला ठाऊक आहे आणि मलाही.

कलम ५. चिंध्यांची पेटी कोणा एकीची नाही. पहिली चौकट शिकायला जी येईल, तिने हवे ते उचलावे. शिकवतील जाऊबाई.

जाऊबाईंना लाभ मिळतो, म्हणून त्यांची साक्ष चालत नाही. तरी वाचन होताना त्या हजर होत्या. पाचवे कलम ऐकून म्हणाल्या, "आणि मीच आधी गेले तर गं?"

वकिलीणबाईंनी पर्यायी कलम सुचवले. मी ते लिहू दिलेले नाही. तशी वेळ आली, तर हा कागद फाडावा आणि मला जरा एकटीला बसू द्यावे.

समजून-उमजून अंगठा उठवला:
शिवणवाली (डावा अंगठा)

समक्ष साक्षीदार:
१. समोरचा घड्याळजी (सही)
२. वरच्या मजल्यावरची नर्सबाई (सही)

स्थळ: खिडकीची खोली
दिनांक: नातीच्या पहिल्या वाढदिवसाचा दुसरा दिवस